बशीर, त्रेपन्नच ठेवायचे असतात

बशीर, भांडण अर्धवट टाकून उठायची तुझी खोड जुनीच. मी मुद्द्यावर आलो, की तुला गॅसवर ठेवलेलं काहीतरी आठवायचं. पण या वेळी कमालच केलीस. परवा दुपारी असरच्या नमाजेनंतर तुला मातीत ठेवून आलो, आणि तेव्हापासून मनात एकच चाललंय, आता मी भांडू कुणाशी. नीला म्हणते, एकदाचं मोकळेपणी रडून घ्या. रडतोच आहे. पण रडता रडता तुला चार शिव्या हासडाव्याशा वाटतात, त्याचं काय करायचं ते तिलाही सांगता येत नाही.

कंपनीने नोटीस बोर्डावर तुझा फोटो लावलाय म्हणे. हुद्दा, किती वर्षं सेवा, मागे कोण कोण. ते त्यांच्यापाशी राहू दे. मला तुझ्याशी एकाच गोष्टीवर बोलायचंय. ज्या वर्षी तेलाचा भाव पडला आणि कंपनीने माणसं कमी केली, त्या वर्षी माझं नाव तू दिलंस. तू, माझा मित्र. मला ते आठवड्याभरात कळलं होतं. मला कळलंय हे तुला कळलं होतं का, ते मात्र मला आजतागायत माहीत नाही. मधली सगळी वर्षं आपण त्यावर अवाक्षर काढलं नाही. बोललो, भांडलो, घसे बसेपर्यंत ओरडलो, ते सगळं अमेरिकन फुटबॉलवर.

हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. एक रत्नागिरीचा, एक पुण्याचा, दोघं पोटासाठी मस्कतला आलेले, आणि भांडण कशावरून, तर अमेरिकेतल्या एका हरत्या टीममध्ये यंदा कोण टिकणार आणि कोण घरी जाणार. आपण दोघांनी तो चेंडू हातातसुद्धा धरला नव्हता कधी.

हे खूळ आपल्या डोक्यात भरवलं बिलसाहेबाने. आपला अमेरिकन मॅनेजर, पगारवाढीपेक्षा गप्पांमध्ये जास्त उदार. ती टीम त्याच्या गावची. त्याचा भाऊ तिकडून वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि सामन्यांच्या कॅसेट पाठवायचा. त्याच्या घरी पहिली कॅसेट बघताना तू माझ्या कानात विचारलंस, "दामले, हे पडलेत का पाडलेत?" मला तरी कुठे ठाऊक होतं. दोन पावलं धावायचं आणि मग सगळे एकमेकांच्या अंगावर, एवढंच दिसत होतं. बिल हसला. म्हणाला, खेळ नाही कळला तरी चालेल, तुम्ही फक्त कोण उरतो ते बघा. ऑगस्टात टीमकडे ऐंशीच्या वर पोरं असतात. सराव होतो, नुसते नावापुरते सामने होतात. मग खरे सामने सुरू व्हायच्या आत त्यातली त्रेपन्न ठेवायची, बाकीच्यांना रामराम. नियम आहे तसा. ती त्रेपन्न कोण असतील, हे आधी ओळखून दाखवायचं.

तुला त्या क्षणी जे काही झालं ते मी पाहिलंय. बाजारात चांगली सुरमई दिसल्यावर तुझा चेहरा व्हायचा, तसा झाला होता. पुढच्याच शुक्रवारी जुम्म्याची नमाज उरकून, भाभीच्या हातचं कालवण-भात चापून, हमरियातल्या तुझ्या घरी गालिच्यावर आपण पेपर पसरून बसलो. वरती एसी धापा टाकत होता आणि तुझी मुलं दारातून आपले उच्चार ऐकून आपसात इंग्रजीतून खिदळत होती. त्यांना आपलं मराठी हसू येण्यासारखं वाटायचं आणि इंग्रजी तर त्याहून. जैनबभाभी नीलाला म्हणाली, "चला, आता दोन महिने सुटलो आपण यांच्या कटकटीतून." त्या दोघी आत गेल्या आणि आपण ऐंशी परक्या पोरांचे मायबाप झालो.

त्यात आपला शहाणपणा केवढा. गठ्ठा मस्कतला पोचायचा दोन-तीन आठवड्यांनी. म्हणजे ज्यांच्या नशिबाचा आपण काथ्याकूट करायचो, त्यांचा निकाल तिकडे कधीच लागलेला असायचा. काढलेली पोरं आपापल्या गावी जाऊन दुसऱ्या कामाला लागली असतील, आणि इकडे तू मांडी घालून त्यांची वकिली करायचास. बिलला भावाच्या फोनवर सगळं कळलेलं असायचं, पण गठ्ठा आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही अशी शपथ तू त्याला घातली होतीस. लिफ्टमध्ये भेटला तरी तो बिचारा छताकडे बघत उभा राहायचा. तरी तू त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचास आणि मग मला येऊन सांगायचास, "तो बुटका पळणारा राहिला. बिलच्या भुवयांवरून वाटलं मला."

पण तू जिंकायचा कधीच नाहीस, कारण तुझी नावं त्रेपन्नावर थांबायचीच नाहीत. साठ व्हायची, एकदा तर चौसष्ट. मी म्हणायचो, बशीर, अकरा जण काढ. तू पेन्सिल घ्यायचास, एकाच्या नावावर टेकवायचास आणि उचलायचास. "याचं आत्ताच लग्न झालंय रे. पेपरात आलंय."

"मग? कोच काय आहेर करणार आहे?"

"तसं नाही. पण याला राहू दे. तो दुसरा बघ."

दुसऱ्याला आई नसायची. तिसरा मागच्या वर्षी पाय मोडून बसलेला असायचा. अशाने खेळ कसा व्हायचा, तूच सांग. मी चिडून कागद फेकायचो, तू निवांत सुलेमानी चहा ओतायचास.

आपलं खरं भांडण मात्र वेगळंच. ज्याला टीमने काढलं त्याला दुसरी टीम उचलू शकते. म्हणून शहाणा कोच काय करतो, ज्याच्यावर इतरांचा डोळा आहे त्याला धरून ठेवतो, आणि ज्याला कुणी विचारणार नाही त्याला बेधडक सोडतो. साधा व्यवहार आहे. तुझं नेमकं उलटं. "ज्याला दुसरीकडे जागा आहे त्याला सोडावं की. ज्याला कुणी घेणार नाही तो जाईल कुठे?"

"बशीर, ही टीम आहे. धर्मशाळा नाही."

"धर्मशाळेत काय वाईट असतं?"

दरवर्षी आपण इथे येऊन अडायचो आणि दरवर्षी तुला गॅसवरचं दूध आठवायचं.

आणि यातली मोठी गंमत म्हणजे, कंपनीत तुझं कामच माणसांना घरी पाठवायचं. पर्सोनेल ऑफिसर. ओमानायझेशनचं, म्हणजे परक्यांच्या जागी ओमानी माणसं घ्यायचं, वारं सुरू झाल्यापासून दर वर्षी दोन-चार आपली माणसं जायची. तेही रास्तच होतं म्हणा, देश त्यांचा, पोरं त्यांची शिकून तयार झालेली. पण कळवायचं कुणी, तर तू. बिलने एकदा सांगितलं होतं, टीमच्या कॅम्पात सकाळी एक माणूस खोलीवर येतो आणि म्हणतो, साहेबांनी बोलावलंय, येताना डावपेचांचं पुस्तक घेऊन ये. पुस्तक परत मागितलं की पोरगा समजतो. आपल्याकडे सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीकडे, तुझ्या लोखंडी कपाटात. तू स्वतः चालत कुणाच्या टेबलाशी गेलास आणि पासपोर्ट समोर ठेवलास, की खलास. तिकडे पुस्तक काढून घेतात, इकडे पासपोर्ट हातात देतात. त्या दिवसापासून तू हॉलमधून जायचं सोडलंस. चहा हवा असला तरी मागच्या जिन्याने खाली, बाहेरून वळसा, पुढच्या जिन्याने वर. उगाच कुणाच्या पोटात गोळा नको यायला, म्हणायचास. भर उन्हात तो वळसा घालणारा तू मला माझ्या खिडकीतून दिसायचास.

आता ते वर्ष. डिझाइनमध्ये आम्ही दोघं उरलो होतो, मी आणि पेडणेकर. पेडणेकर पन्नाशी उलटलेला, हाताने ड्रॉइंग काढणारा. कॉम्प्युटर आले, तसा तो बावचळला. बोलायचा कमी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोघांतला एक जाणार हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं, आणि मी जाणार नाही हे मला ठाऊक होतं. कॉम्प्युटर मला येत होता, टेंडरं मी करत होतो. शिवाय आमची लेक केतकी दहावीला होती, हे तुला माहीत होतं.

त्या आठवड्यात तू आपणहून माझ्या घरी आलास. शुक्रवार नव्हता, तरी आलास. हातात गठ्ठा. नीलाने थालीपीठ लावलं, तू एकच खाल्लंस. त्या वर्षी टीममध्ये एक म्हातारा होता, म्हातारा म्हणजे तिशी ओलांडलेला, पहिल्या रांगेत धक्के खाणारा. गुडघे गेलेले. मी म्हटलं, हा जाणार, याच्यात वादच नाही. तू म्हणालास, याला ठेव. मी म्हटलं, कशाला, त्याच्या जागी हा तरुण बघ, चार टीम टपून बसल्यात याच्यासाठी. तू म्हणालास, म्हणूनच. आणि मग त्या म्हाताऱ्यावरून आपण इतके भांडलो, की नीला पोळ्या टाकून बाहेर आली. मी वर्षानुवर्षांचं ते धर्मशाळेचं वाक्य फेकलं. निघताना दारात चपला घालताना म्हणालास, "दामले, तुला कुणीही घेईल."

मी मूर्ख, मला वाटलं माझं कौतुक चाललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू हॉलमधून आलास. सरळ. सगळे टाइप करायचे थांबले. तू पेडणेकरच्या टेबलाकडे वळशील म्हणून मी आधीच नजर खाली घातली होती, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. माझ्या टेबलावर निळा पासपोर्ट आला. तू म्हणालास, "एनओसीचं मी बघतो," आणि गेलास.

एनओसीचं तू बघितलंस, हे नाकारत नाही. त्या दिवसांत कंपनी कुणाला ती द्यायची नाही, आणि ती नसेल तर दुसरीकडे नोकरी नाही, सरळ विमानात. मला ती तिसऱ्या दिवशी मिळाली. कुणाच्या पाया पडलास, ठाऊक नाही. बरका गावात एका अर्बाबकडे, म्हणजे ओमानी मालकाकडे, शेतीच्या पंपांच्या कामावर मी लागलो. पगार कमी, रोजचा हायवे, पण अर्बाब भला माणूस. केतकीची शाळा सुटली नाही.

पण त्याआधी बिलने मला निरोपाचं जेवण दिलं. मनाने अगदी स्वच्छ माणूस. भात वाढून घेता घेता म्हणाला, "मी निवड बशीरवर सोडली होती. तो म्हणाला, दामलेला सोडा, त्याला लगेच काम मिळेल. केवढा भरवसा त्याचा तुझ्यावर." त्याला वाटलं, मला हे माहीतच असणार. मी पाणी प्यायलो आणि मान डोलावली.

नीलाला सांगितलं, तर ती म्हणाली, या शुक्रवारी जाऊ नका त्यांच्याकडे. मी गेलो. कशाला जाता, तिने विचारलं. भांडायला, म्हटलं. खरंच त्यासाठीच गेलो होतो. तू दार उघडलंस. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. माझ्याकडे बघितलंस आणि बाजूला झालास. गालिच्यावर पेपर आधीच पसरलेले होते. मी बसलो आणि तिसऱ्या क्वार्टरबॅकवरून सुरुवात केली. तो चेंडू फेकणारा तिसरा राखीव गडी, त्याचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्यावरून मी तुला इतकं बोललो, इतकं लागेल असं बोललो, की भाभी पडद्याआडून बघून गेली. तू सगळं ऐकून घेतलंस. शेवटी म्हणालास, "बरं. काढ त्याला." तू आपणहून एखादं नाव काढलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मग पुढची वर्षं तशीच गेली. बिल रिटायर होऊन परत गेला, तरी भावाचे गठ्ठे स्वतः पाठवत राहिला. इंटरनेट आलं. तुझा मुलगा म्हणायचा, "बाबा, जस्ट क्लिक ना, सगळं आहे इथे." तू त्याला कॉम्प्युटर बंद करायला लावायचास. गठ्ठा आल्याशिवाय निकाल नाही. मी बरकाहून अर्धा दिवस काम उरकून गाडी हाकत यायचो, ट्रकांच्या रांगेतून, आणि वाटेत ठरवायचो, आज विचारायचंच. तुझ्या दारात आलो की भाभीच्या कालवणाचा वास यायचा आणि मी म्हणायचो, आधी जेवू. जेवल्यावर कुठलं तरी पोरगं पेपरातून समोर यायचं आणि त्याच्या नावाने आपलं सुरू व्हायचं. तुला काही वाटत होतं का रे तेव्हा? का तुला खरंच त्या पोराचीच काळजी असायची? तुझं काही सांगता येत नाही.

काल हमरियाला गेलो होतो. बायकांत भाभी बसली होती. मला पाहून बाहेर आली. मी म्हटलं, भाभी, काही लागलं तर सांगा, जे सगळेच म्हणतात ते. ती म्हणाली, "भाईसाब, एक बोलू का? त्या साली हे आठ-दहा दिवस धड जेवले नाहीत. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. म्हणाले, दोघांतला एक काढायचाय. दामलेला काढला तर तो शिव्या घालील आणि शुक्रवारी येईल. पेडणेकरला काढला तर तो शिव्यासुद्धा घालणार नाही." मग म्हणाली, "त्या शुक्रवारी तुमची गाडी खाली थांबलेली दिसली, तर हे मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मग तोंड धुऊन दार उघडायला गेले. तुम्हाला सांगायचं नाही, अशी ताकीद होती मला."

तुझ्या मुलाने खुर्ची दिली.

परत येताना पेडणेकर माझ्या गाडीत होता. तोही आता पुढच्या महिन्यात सावंतवाडीला चाललाय, कायमचा. दोन्ही मुली शिकल्या, धाकटी नर्स झाली. सिग्नलला थांबलो तेव्हा तो एकदम म्हणाला, "दामलेसाहेब, इतकी वर्षं मनात आहे. तेव्हा तुम्हाला सोडून मला का ठेवलं असेल हो? मला तर कॉम्प्युटर पण येत नव्हता."

खरं सांगणं माझ्या हातात होतं. बशीर, खरं सांगतो, माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "तुमच्यासारखं ड्रॉइंग कुणाचं होतं का तिथे? बशीर नेहमी म्हणायचा." तो ताठ बसला. खिडकीबाहेर बघत राहिला. उतरताना म्हणाला, "मलाही तसंच वाटायचं, पण बोलणार कसं." झालं, मीही तुझ्या धर्मशाळेत नाव घातलं.

पण सुटला नाहीस तू. तू बरोबर होतास असंही मी म्हणायला तयार आहे, घे, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हणतो. मुद्दा तो नाहीच. तू मला विचारायला हवं होतंस. आधी. थालीपीठ खाताना, चपला घालताना, कधीही. दामले, दोघांतला एक जाणार आहे, तू जा. एवढंच. मी भडकलो असतो. केतकीची दहावी काढली असती, तुझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, दार आपटून जिना उतरून खाली गेलो असतो. आणि परत वर येऊन हो म्हणालो असतो. तुला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तू विचारलं नाहीस. पण मला ठाऊक नव्हतं, बशीर. आपण हो म्हणणारा माणूस आहोत, हे मला कळायची आयुष्यात एकच वेळ आली होती, आणि ती तू माझ्यासाठी परस्पर उरकून टाकलीस.